मागाहून आलेला ‘ऑर’ : क्वेरी बिल्डर नेमका कशासाठी?

हे आपल्या ताज्या भागाचं शब्दांकन. बोलताना जिथे अडखळलो, जिथे एकच वाक्य तीनदा म्हटलं, ते काढून टाकलंय. बाकी बोलणं तसंच ठेवलंय. ऐकणाऱ्यांना मध्येमध्ये अँब्युलन्सचा सायरन ऐकू येईल. त्याला इलाज नाही. मी धंतोलीत बसून रेकॉर्ड करतो, आणि धंतोलीत दर चार घरांमागे एक हॉस्पिटल आहे. नागपूरकरांना सांगायला नको. बाहेरगावच्या श्रोत्यांसाठी सांगतो: विदर्भातून, अगदी मध्य प्रदेशातूनसुद्धा माणसं उपचारासाठी इथे येतात. दवाखाने, पॅथॉलॉजी, सोनोग्राफी, औषधांची दुकानं, आणि त्या सगळ्यांच्या मधून गाडी लावायला जागा शोधत फिरणारे आपण.

आजचा विषय मात्र पार्किंग नाही. विषय आहे क्वेरी बिल्डर. म्हणजे डेटाबेसला विचारायचा प्रश्न आपण मजकूर म्हणून हाताने न लिहिता, प्रोग्राममधून तुकड्यातुकड्यांनी बांधायचा, त्यासाठीची लायब्ररी. आणि हा विषय मला का सुचला, ते सांगायचं तर माझीच एक चूक सांगावी लागेल. सांगतो.

काही वर्षांपूर्वी मी तीन दवाखान्यांसाठी एक सॉफ्टवेअर लिहिलं होतं. तीन वेगळे डॉक्टर, तीन वेगळे दवाखाने, पण सर्व्हरचा खर्च वाचावा म्हणून डेटाबेस एकच. पेशंटच्या तक्त्यात ‘दवाखाना’ नावाचा एक रकाना. पहिल्याचा १, दुसऱ्याचा २, तिसऱ्याचा ३. ज्या दवाखान्यातून लॉगिन केलं, त्याचेच पेशंट दिसायचे. एकदम साधी मांडणी, आणि चुकीचीही नाही. आजही हजारो सॉफ्टवेअर अशीच चालतात.

रिसेप्शनवर एक सर्चची चौकट होती. सुरुवातीला त्यात फक्त नाव टाकायचं. काही महिन्यांनी मागणी आली की पेशंटला स्वतःचा केस नंबर कधीच आठवत नाही आणि नावाचं स्पेलिंग दर वेळी वेगळं असतं, तर मोबाईलच्या शेवटच्या चार आकड्यांवरून शोधता आलं पाहिजे. रास्त मागणी. मी एका संध्याकाळी बसलो, कोडमध्ये एक ‘ऑर’ वाढवला, दोनचार वेळा सर्च करून पाहिलं, चाललं, घरी गेलो.

त्यानंतर बऱ्याच दिवसांनी दुसऱ्या दवाखान्यातल्या रिसेप्शनच्या ताईंचा फोन आला. “भाऊ, जरा येऊन जा. फोनवर नाही सांगत.” गेलो. त्यांनी आधी दार लोटलं, मग स्क्रीन माझ्याकडे वळवली आणि हळू आवाजात म्हणाल्या, “तुमच्या सर्चमध्ये दुसऱ्याच दवाखान्याचे पेशंट दिसून राहिले. आणि ही बाई आमच्या गल्लीतली आहे.”

त्यांनी चार आकडे टाकले होते, स्वतःच्या पेशंटचे. यादीत दोन नावं आली. एक त्यांचा पेशंट. दुसरं नाव तिसऱ्या दवाखान्यातलं, आणि तो तिसरा दवाखाना मानसोपचारतज्ज्ञांचा होता.

मला आजही आठवतं, मी पहिल्यांदा काही बोललोच नाही. त्या ताई भल्या होत्या. त्यांनी नाव पाहिलं, स्क्रीन बंद केली, घरी-दारी कोणाला काही बोलल्या नाहीत. पण समजा त्यांच्या जागी दुसरं कोणी असतं तर? आपल्याकडे अजूनही माणूस हृदयाच्या डॉक्टरकडे जातो ते सांगून जातो आणि मनाच्या डॉक्टरकडे जातो ते लपवून जातो. २०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यात कलम २३ आहे, पेशंटच्या गोपनीयतेच्या हक्काचं. तो हक्क माझ्या एका ‘ऑर’ने मोडला होता.

आता चूक काय होती ते बघू. मी क्वेरी मजकूर जोडून बनवत होतो. प्रोग्राममध्ये एक स्ट्रिंग: ‘सिलेक्ट सगळं फ्रॉम पेशंट व्हेअर दवाखाना = २’. मग चौकटीत काही लिहिलं असेल तर त्या स्ट्रिंगला पुढचा तुकडा चिकटवायचा: ‘अँड नाव लाइक अमुक’. आणि त्या संध्याकाळी मी त्याच्यापुढे चिकटवलं: ‘ऑर मोबाईल लाइक अमुक’. पूर्ण वाक्य असं झालं:

व्हेअर दवाखाना = २ अँड नाव लाइक ‘%४४१२%’ ऑर मोबाईल लाइक ‘%४४१२%’

मोठ्याने वाचलं तर कानाला बरोबर वाटतं. “दवाखाना दोन, आणि नाव किंवा मोबाईल जुळतो.” माणूस असंच ऐकतो. पण एसक्यूएल तसं वाचत नाही. शाळेतल्या गणितात २ + ३ × ४ याचं उत्तर १४ येतं, २० नाही, कारण गुणाकार आधी. तसं एसक्यूएलमध्ये ‘अँड’ आधी, ‘ऑर’ नंतर. त्यामुळे डेटाबेसने त्याचा अर्थ घेतला: (दवाखाना दोन आणि नाव जुळतं), किंवा मोबाईल जुळतो. दुसऱ्या भागात दवाखान्याचा पत्ताच नाही. कोणत्याही दवाखान्यातला कोणताही पेशंट, मोबाईलमध्ये ते चार आकडे असले की हजर.

मग इतके दिवस कोणाला दिसलं कसं नाही? कारण बहुतेक वेळा सर्च नावाने व्हायचा, आणि ‘देशमुख’ हा शब्द कोणाच्याच मोबाईल नंबरात नसतो, त्यामुळे ‘ऑर’नंतरचा भाग रिकामाच जायचा. आणि मी तपासलं होतं माझ्या लॅपटॉपवर, जिथे डेटा फक्त एकाच दवाखान्याचा होता. एकाच दवाखान्याच्या डेटावर ही चूक सापडणं शक्यच नव्हतं.

दोन कंस टाकले आणि पाच मिनिटांत दुरुस्ती झाली. तिन्ही डॉक्टरांना काय घडलं ते जाऊन सांगितलं. ती पाच मिनिटांची गोष्ट नव्हती, पण तो वेगळा विषय. परत येऊन मी बाकीचं कोड उघडलं तेव्हा खरी धास्ती बसली. अशा चिकटवलेल्या क्वेऱ्या सगळीकडे होत्या. पेशंटच्या यादीच्या एका स्क्रीनवरच सात फिल्टर: सर्चची चौकट, केस नंबर, कधीपासून, कधीपर्यंत, तपासणीचा प्रकार, गाव, आणि पैसे बाकी आहेत का. प्रत्येक फिल्टर लावा किंवा लावू नका. म्हणजे दोनचा सातवा घात, १२८ वेगवेगळ्या क्वेऱ्या, एकाच फंक्शनमधून. मी त्यातल्या फार तर दहा कधी डोळ्यांनी पाहिल्या असतील.

हे ऐकणाऱ्यांपैकी ज्यांनी असं कोड लिहिलंय, त्यांना ‘व्हेअर १ = १’ ही युक्ती माहीत असेल. पहिली अट कोणती येईल ते ठाऊक नसतं, मग ‘अँड’ लावायचा की नाही हा प्रश्न पडतो, म्हणून सुरुवातीलाच एक नेहमी खरी ठरणारी अट टाकून द्यायची आणि पुढे डोळे मिटून ‘अँड’, ‘अँड’ करत सुटायचं. मी ती वापरायचो. वाईट काही नाही तिच्यात. पण तिची गरज पडते, हेच सांगतं की आपण चुकीच्या सामानाने काम करतोय. आपल्याला अटींशी देणंघेणं आहे, आणि आपण मोकळ्या जागा आणि ‘अँड’ मोजत बसलोय.

इथून क्वेरी बिल्डरकडे येऊ.

थोडा इतिहास, एका घोटात. एडगर कॉड यांनी १९७० साली रिलेशनल मॉडेलचा पेपर लिहिला. त्यावर आयबीएममध्ये डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी १९७४मध्ये ‘सीक्वेल’ ही भाषा मांडली, तीच पुढे एसक्यूएल झाली. माणसाने वाचावी, लिहावी अशी इंग्रजी वाक्यासारखी भाषा, हा त्यामागचा हेतू. आणि नेमकी इथेच आपली अडचण आहे. आज बहुतेक एसक्यूएल माणूस लिहीत नाही, प्रोग्राम लिहितो. माणसाच्या सोयीची वाक्यं प्रोग्रामने अक्षरं जोडून तयार करायची, म्हणजे पत्राच्या कात्रणांतून शब्द कापून नवं पत्र चिकटवण्यासारखं काम.

क्वेरी बिल्डर काय करतो? तो वाक्य बनवतच नाही, निदान लगेच तरी नाही. तो झाड बनवतो. वर एक ‘अँड’ची गाठ. तिच्या एका फांदीवर ‘दवाखाना बरोबर २’. दुसऱ्या फांदीवर ‘ऑर’ची गाठ, आणि त्या गाठीखाली दोन पानं: नाव जुळतं, मोबाईल जुळतो. झाडात ‘अँड आधी की ऑर आधी’ हा प्रश्नच उरत नाही, कारण कोण कोणाच्या खाली आहे ते दिसतंच. शेवटी, अगदी डेटाबेसकडे पाठवायच्या क्षणी, लायब्ररी ते झाड वरून खाली चालत जाते आणि त्याचं वाक्य करते. जिथे कंस हवेत तिथे ती स्वतः घालते.

मी पायथॉनमध्ये काम करतो, म्हणून माझ्या हाताशी एसक्यूएलअल्केमी आहे. माइक बायर यांची लायब्ररी, २००६पासूनची, आणि तिचा ‘कोअर’ नावाचा भाग म्हणजे क्वेरी बिल्डरच. जावामध्ये जूक आहे, जावास्क्रिप्टमध्ये क्नेक्स आणि हल्ली कायसेली, पीएचपीवाल्यांना लारावेलमध्ये आयताच मिळतो. नावं वेगळी, जात एक.

कोड बोलून दाखवतो, ऐकायला जरा विचित्र वाटेल, पण सोपं आहे. पहिली ओळ: क्वेरी = सिलेक्ट(पेशंट) डॉट व्हेअर(पेशंट डॉट दवाखाना == माझा दवाखाना). मग: चौकटीत मजकूर असेल तर, क्वेरी = क्वेरी डॉट व्हेअर( ऑर( नावात मजकूर आहे, मोबाईलमध्ये मजकूर आहे ) ). मग: ‘कधीपासून’ तारीख दिली असेल तर, क्वेरी = क्वेरी डॉट व्हेअर(तारीख >= कधीपासून). असे सात ‘इफ’. प्रत्येक व्हेअर आधीच्या अटींना ‘अँड’ने जोडला जातो. सातही फिल्टर रिकामे असले तरी दवाखान्याची अट जागेवर आहे, आणि सातव्या फिल्टरमध्ये कितीही ‘ऑर’ असले तरी ते त्याच्या गाठीच्या बाहेर येऊ शकत नाहीत.

ती पहिली ओळ मी नंतर वेगळ्या फंक्शनमध्ये नेली. नाव ठेवलं ‘माझे पेशंट’. नियम असा, की पेशंटच्या तक्त्यावरची कोणतीही क्वेरी त्या फंक्शनपासूनच सुरू होईल. स्ट्रिंगच्या काळात हे जमत नव्हतं असं नाही, पण अर्ध्या वाक्याला दुसऱ्या फंक्शनने पुढे वाढवायचं म्हणजे ते कुठे तुटलंय, त्यात ‘ऑर्डर बाय’ आधीच लागलंय का, हे पाहावं लागायचं. झाडाला कुठूनही फांदी जोडता येते.

आता दुसरा फायदा, ज्याच्यामुळे बहुतेक जण क्वेरी बिल्डरकडे येतात. मूल्यांचा.

आमच्या एका दवाखान्यात डिसूझा आडनावाचे पेशंट होते. इंग्रजीत लिहिताना डीनंतर ती वरची शेपटी येते, अ‍ॅपॉस्ट्रॉफी. एसक्यूएलमध्ये तीच शेपटी मजकूर संपला असं सांगते. त्यांचं नाव सर्चमध्ये टाकलं की स्क्रीन लाल. रिसेप्शनवाल्यांनी त्यावर स्वतःच तोडगा काढला होता, शेपटी टाकायचीच नाही. मी तो तोडगा ऐकून हसलो होतो. हसायला नको होतं. कारण ज्या भोकातून साध्या आडनावाने क्वेरी मोडते, त्याच भोकातून जाणूनबुजून लिहिलेला मजकूर क्वेरी बदलू शकतो. हेच एसक्यूएल इंजेक्शन. १९९८च्या डिसेंबरात ‘फ्रॅक’ या हॅकर मंडळींच्या नियतकालिकात यावर लेख आला होता, म्हणजे ही काही नवी गोष्ट नाही. तरी २०१५मध्ये ब्रिटनच्या टॉकटॉक या टेलिकॉम कंपनीच्या जुन्या वेबपानांतून याच रस्त्याने १,५६,९५९ ग्राहकांची माहिती गेली, आणि पुढच्या वर्षी तिथल्या माहिती आयुक्तांनी त्यांना ४ लाख पौंड दंड ठोठावला.

क्वेरी बिल्डर मूल्य वाक्यात घालतच नाही. वाक्यात त्या जागी फक्त खूण ठेवतो, आणि मूल्य वेगळं पाठवतो. रेल्वेच्या रिझर्व्हेशनच्या फॉर्मसारखं समजा. नावाच्या रकान्यात तुम्ही ‘गाडी रद्द करा’ असं लिहिलंत, तर खिडकीवरचा माणूस गाडी रद्द करत नाही. फार तर म्हणेल, काय नाव आहे बुवा हे. रकाना नावाचा आहे, तर त्यात लिहिलेलं सगळं नावच. (काही ड्रायव्हर मूल्य वेगळं न पाठवता आपल्याकडेच नीट बंदिस्त करून वाक्यात बसवतात. चालेल, पण ते काम ड्रायव्हरचं, आपलं नाही.) डिसूझांचं नाव तेव्हापासून शेपटीसकट सापडतं.

एवढं ऐकून कोणी म्हणेल, वा, मग बिल्डर घ्या आणि निश्चिंत व्हा. नाही. माझं खरं म्हणणं इथून सुरू होतं. बिल्डर वापरूनही माझी ती जुनी चूक जशीच्या तशी करता येते.

लारावेलचं उदाहरण घ्या. व्हेअर(दवाखाना, २), मग डॉट व्हेअर(नाव जुळतं), मग डॉट ऑरव्हेअर(मोबाईल जुळतो). साखळी कशी छान दिसते. पण हे सगळं एकाच पातळीवर आहे. ऑरव्हेअरने नवी गाठ केली नाही, मागच्या रांगेला ‘ऑर’ चिकटवला. निघणारं वाक्य अक्षरशः माझ्या त्या संध्याकाळच्या वाक्यासारखं. त्यांच्या दस्तऐवजातच लिहिलंय की ऑरव्हेअर नेहमी गटात ठेवा, म्हणजे व्हेअरला एक फंक्शन द्या आणि दोन्ही अटी त्या फंक्शनच्या आत लिहा. तसं केलं की कंस येतात. क्नेक्समध्येही हीच गोष्ट. माझा स्वतःचा नियम असा आहे की साखळीत उघडा ‘ऑर’ दिसला की थांबायचं, मग तो बरोबर असला तरी.

दुसरा सापळा एसक्यूएलअल्केमीचा, आणि यात मी पडलोय. तिथे व्हेअर मूळ क्वेरीला हात लावत नाही. नवी क्वेरी परत देतो. म्हणून ‘क्वेरी = क्वेरी डॉट व्हेअर’ असं लिहावं लागतं. घाईत तुम्ही नुसतं ‘क्वेरी डॉट व्हेअर(...)’ लिहिलंत आणि उत्तर कुठे ठेवलंच नाही, तर ती अट हवेत विरते. एरर नाही, सूचना नाही. ‘पैसे बाकी’वर टिक करा, नाहीतर करू नका, यादी तीच. डॉक्टरांनीच एकदा विचारलं, “आपल्याकडे सगळ्यांचेच पैसे बाकी आहेत का हो?”

क्नेक्स आणि लारावेल बरोबर उलट. तिथे व्हेअर त्याच वस्तूत बदल करतो. मग पायाभूत क्वेरी एकदा बनवून तुम्ही आधी तिला ‘पैसे बाकी’ लावून मोजणी केली, आणि नंतर तीच मुख्य यादीसाठी वापरली, तर यादीलाही ती अट चिकटलेली असते. तिथे आधी क्लोन करून घ्यावं लागतं. आपली लायब्ररी या दोन्हींपैकी कोणत्या जातीची आहे, हे पहिल्या दिवशी पाहून घ्या. एवढं एक पाहिलं तरी निम्मे घोळ टळतात.

रिकाम्या यादीचा किस्सा थोडक्यात. ‘या या तपासण्यांपैकी’ असा फिल्टर असतो, आणि वापरणाऱ्याने एकही निवडली नाही. हाताने लिहिलेलं ‘इन’ आणि रिकामा कंस पोस्टग्रेस आणि मायएसक्यूएल दोघंही नाकारतात. बहुतेक बिल्डर त्याऐवजी कधीच खरी न होणारी अट घालतात, म्हणजे शून्य ओळी. ते तर्काला धरून आहे. पण रिसेप्शनवर काहीच निवडलं नाही याचा अर्थ ‘सगळं दाखव’ असाही असू शकतो. तो निर्णय लायब्ररीवर सोडायचा नाही, ‘इफ’मध्ये आपणच लिहायचा. आणि यादी फार लांब झाली तरी अडतं: एसक्यूएल सर्व्हर एका क्वेरीत २,१०० पर्यंतच मूल्यं घेतो, पोस्टग्रेसचा प्रोटोकॉल ६५,५३५. दवाखान्यात तिथवर कोणी जात नाही, पण बँकेत जातात.

सगळ्यात जास्त लक्ष द्यायचं ते क्रमवारीकडे. यादीच्या रकान्याच्या डोक्यावर क्लिक केलं की त्यानुसार क्रम लागतो. रकान्याचं नाव ब्राउझरकडून येतं. खूण ठेवून मूल्य वेगळं पाठवायची सोय फक्त मूल्यांना आहे. रकान्याच्या, तक्त्याच्या नावाला नाही. मग लोक काय करतात? बिल्डरमध्ये ‘रॉ’ नावाचा चोरदरवाजा असतो, कच्चं एसक्यूएल तसंच घुसवायचा, तिथून ते नाव टाकून देतात. झालं, दार पुन्हा सताड उघडं. इलाज साधा आहे. आपल्याकडे एक छोटी डिक्शनरी ठेवायची: ‘नाव’ म्हणजे पेशंट डॉट नाव, ‘तारीख’ म्हणजे पेशंट डॉट तारीख. ब्राउझरकडून आलेला शब्द त्यात सापडला तर तो रकाना, नाही सापडला तर ठरलेला क्रम. बाहेरून आलेला शब्द क्वेरीत जातच नाही, त्याने फक्त आपल्या यादीतून निवड होते. ‘रॉ’ वाईट नाही, कधीकधी लागतोच. पण कोडमध्ये तो कुठे कुठे आहे हे शोधून काढता आलं पाहिजे, आणि त्यात बाहेरचा मजकूर नसला पाहिजे.

आणि टक्क्याची खूण. कोणी सर्चमध्ये नुसतं ‘%’ टाकलं तर ‘लाइक’च्या दृष्टीने ते ‘काहीही चालेल’. मूल्य सुरक्षित गेलं तरी अर्थ बदललाच. एसक्यूएलअल्केमीच्या ‘कंटेन्स’ला ऑटोएस्केप सांगितलं की ती खूण साधी खूण म्हणून शोधली जाते. लहान गोष्ट आहे, पण दवाखान्याची पूर्ण यादी एका अक्षरात बाहेर काढायची नसेल तर लावा.

मग सगळीकडे बिल्डरच वापरायचा का? मी वापरत नाही. महिनाअखेरचा हिशोबाचा अहवाल, ज्यात तारीख सोडून काहीच बदलत नाही, तो मी सरळ एसक्यूएलमध्ये, वेगळ्या फाइलमध्ये लिहितो, तारखेच्या जागी खूण ठेवून. पाच तक्ते जोडणारी क्वेरी पायथॉनच्या साखळीत वाचायची म्हणजे डोक्याला ताप. एसक्यूएल वाचायला चांगली भाषा आहे. स्थिर क्वेरीला तिचंच रूप शोभतं. बिल्डर हवा तो आकार बदलणाऱ्या क्वेरीला. आणि ओआरएम? तो पुढचा टप्पा, ओळींच्या वस्तू बनवणारा. बहुतेक ओआरएमच्या पोटात बिल्डरच असतो. एखाद्या भागात त्यावर स्वतंत्र बोलू.

एक सवय मात्र सगळ्यांनी लावून घ्या. बिल्डरने शेवटी काय वाक्य बनवलं ते छापून वाचा. एसक्यूएलअल्केमीत क्वेरी नुसती प्रिंट केली तरी दिसतं. बिल्डर वापरणाऱ्यांना एसक्यूएल यायची गरज नाही, असं कोणी सांगत असेल तर त्याच्याकडून सॉफ्टवेअर घेऊ नका.

आता ते १२८. बिल्डरवर सगळं नेल्यावर मी एक टेस्ट लिहिली, आणि खरं सांगू, या सगळ्या प्रकरणात मला सगळ्यात जास्त झोप त्या टेस्टने दिली. तिन्ही दवाखान्यांसाठी खोटे पेशंट बनवले, आणि मुद्दाम तिन्हीकडे तीच नावं, तेच गाव, मोबाईलचे शेवटचे आकडेही तेच. मग एक लूप: सात फिल्टर, प्रत्येक लावलेला किंवा न लावलेला, १२८ जुळण्या, तीन दवाखान्यांतून, एकूण ३८४ वेळा क्वेरी चालवायची. दर वेळी बघायचं की आलेल्या प्रत्येक ओळीतला दवाखाना लॉगिन केलेल्या दवाखान्याचाच आहे. आणि यादी रिकामी नाही हेही बघायचं. नाहीतर काहीच न दाखवणारी क्वेरीसुद्धा पास होते, ही शहाणपणाची गोष्ट मला दुसऱ्या दिवशी सुचली. स्ट्रिंगच्या काळातही ही टेस्ट लिहिता आली असती. लिहिली नाही, कारण १२८ क्वेऱ्या आहेत हे मला स्ट्रिंगमध्ये दिसतच नव्हतं. सात ‘इफ’ एकाखाली एक दिसल्यावर दिसलं.

त्यावर पोस्टग्रेसमध्ये आणखी एक कुलूप लावलं. ९.५ आवृत्तीपासून, म्हणजे २०१६पासून, त्यात ‘रो लेव्हल सिक्युरिटी’ आहे. तक्त्यालाच नियम सांगून ठेवायचा की या कनेक्शनला फक्त या दवाखान्याच्या ओळी दिसतील. मग क्वेरी कोणीही कशीही लिहो. फक्त एक लक्षात ठेवा: तक्त्याच्या मालकाला हा नियम आपोआप लागू होत नाही, आणि बरेच जण अ‍ॅप्लिकेशन मालकाच्याच खात्याने जोडतात. मग कुलूप लावलंय आणि किल्ली दारालाच लटकतेय. वेगळं खातं बनवा, किंवा मालकालाही नियम लागू होईल असं ‘फोर्स’ने सांगा.

हे सगळं करून झाल्यावर मी पुन्हा त्या ताईंकडे गेलो. म्हटलं, ताई, तेच चार आकडे टाका. त्यांनी टाकले, आधी जरा दबकतच. यादीत एकच नाव आलं, त्यांचा स्वतःचा पेशंट. त्यांनी खाली स्क्रोल करून पाहिलं, अजून काही येतं का. मग म्हणाल्या, “नाही दिसून राहिल्या आता त्या.” आणि समोर थांबलेल्या पेशंटला हाक मारली.